सातव्या फरशीवरचं ऊन

आज ऊन पाचव्या फरशीवर आलं. म्हणजे थंडी आली. लोक थंडी टीव्हीवर मोजतात, सकाळी फिरायला निघालेल्यांच्या कानटोप्यांवर मोजतात. मी ती फरशीवर मोजतो. आमच्या हॉलला दक्षिणेकडे एक मोठी खिडकी आहे. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावरून जातो, तेव्हा ऊन त्या खिडकीकडे ढुंकून बघत नाही. दिवाळी झाली की मात्र दुपारी बाराच्या सुमाराला ते हळूच आत यायला लागतं. पहिली फरशी, दुसरी, तिसरी. फरश्या जुन्या, एकेक फुटाच्या. ऐन कडाक्यात ते सातव्या फरशीपर्यंत पोचतं, दोन-तीन आठवडे तिथं मुक्काम ठोकतं आणि संक्रांत झाली की आल्या पावली मागं फिरतं. सातव्या फरशीच्या कडेला पेन्सिलीची एक रेघ आहे. चार वर्षांपूर्वी मी ती मारली. तेव्हापासून फरशी पुसायला येणाऱ्या प्रत्येक बाईला तेवढी रेघ सोडून पुसायला सांगत आलोय, आणि प्रत्येक बाईनं माझ्याकडं म्हातारा थोडा सरकलाय अशा नजरेनं पाहिलंय. पाहू दे. ती रेघ म्हणजे माझ्या आयुष्यातलं एकमेव विजयचिन्ह आहे.

मी बॉयलरवाला. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषधांच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं बॉयलर सांभाळला. आग पेटवणं हे आमचं खरं काम नव्हे, आग कुणीही पेटवतो. आमचं काम ती ऊब वाटेत सांडू न देण्याचं. वाफेचा पाइप वीतभर जरी उघडा दिसला तरी मला चैन पडत नसे. त्याच्यावर काचेच्या लोकरीचं जाड वेष्टण, वरून पत्रा, पत्र्यावर पट्टी, असं सगळं नीट झाल्याशिवाय मी फिटरला चहा पिऊ देत नसे. कारखान्यात माझ्या नावानं बोटं मोडणारे बरेच होते. पण माझ्या पाइपाला हात लावला तर हात भाजत नव्हता, ही माझी मिजास होती.

आणि घरी? घरी मागच्या दाराखाली दोन बोटांची फट. बाथरूमच्या झरोक्याची काच फुटलेली ती फुटलेलीच. मागच्या खोलीच्या खिडकीच्या दोन्ही झडपा कधी एकमेकींना भेटल्या नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. माझी बायको सिंधू थंडीनं कायम काकडलेली. डिसेंबरात ती दोन स्वेटर आणि वर माझा कंपनीचा कोट घालून पोळ्या लाटायची. मी ड्यूटीवरून आलो की दार उघडं टाकून शेजाऱ्यांशी गप्पा मारत उभा राहायचो आणि आतून तिचा आवाज यायचा, “अहो, दार लावा! घर तापवता का गल्ली?”

आमचं घर दक्षिणमुखी. म्हणूनच ते आम्हाला परवडलं. रो-हाऊसच्या त्या अख्ख्या रांगेत दक्षिणेला तोंड असलेली चारच घरं, आणि ती कुणी घेत नव्हतं. घेतल्यावर एका वास्तूवाल्यानं येऊन सांगितलं, दार तर बदलता येणार नाही, निदान दक्षिणेची ती खिडकी तरी बुजवा. भिंत घालायला तेव्हा हातात काही नव्हतं, म्हणून आम्ही खिडकीसमोर उंच शोकेस उभं केलं. त्यात मुक्ताच्या शाळेतल्या ढाली, काचेचे ससे, कंपनीनं दिलेलं घड्याळ. मुक्ता आमची एकुलती एक लेक. अशी ती खिडकी वीस वर्षं शोकेसच्या पाठीमागं आंधळी झाली. मी वास्तू मानतो असं नाही. पण न मानायलाही थोडी हिंमत लागते, ती माझ्याकडं तेव्हा नव्हती.

सिंधूच्या शेवटच्या हिवाळ्यात मी विजेचा हीटर आणला. लाल कांड्यांचा, समोर बसलं की पोटऱ्या भाजणारा आणि पाठ गारच ठेवणारा. महिन्यानं बिल आलं ते पाहून मी काही बोललो नाही, पण माझा चेहरा बोलला असणार. त्यानंतर मी भाजी आणायला गेलो की ती हीटर बंद करायची आणि माझ्या चपलांचा आवाज आला की चालू करायची. हे मला ती गेल्यावर शेजारणीकडून कळलं. तिच्या अंथरुणापासून चार हातांवर, त्या शोकेसच्या मागं, फुकटचं ऊन रोज खिडकीला धडका मारत होतं. बॉयलरच्या कामात हयात घालवलेल्या माणसाला ते दिसलं नाही. याची टोचणी अजून आहे आणि ती जाऊ नये असंच मला वाटतं.

पुढं दोन वर्षांनी मुक्ताला दिवस गेले. ती पुण्याला असते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज. पण माहेरी आता आई नाही. तिला सगळ्यांनी सुचवून पाहिलं की पुण्यातच कर. तिनं मला फोन केला. म्हणाली, “बाबा, मला आईच्या घरातच यायचंय. सव्वा महिना राहायचंय. जमेल ना?”

“न जमायला काय झालं,” मी म्हणालो. बापानं अशा वेळी दुसरं काय म्हणायचं असतं?

दुसऱ्या दिवशी विहीणबाईंचा फोन आला. बाई सरळ आणि बोलायला फटकळ. “भाऊ, तुमचं मन मोडायचं नाही मला. पण सिंधूताईंच्या वर्षश्राद्धाला तुमच्या घरी मी एक रात्र काढलीये. मोजे घालून झोपले होते, तरी पाय रात्रभर बर्फ. तारीख डिसेंबरची आहे. बाळ नाजूक असतं हो. असं करू, बारशाला मी गाडी घेऊन येते. घर उबदार असलं तर राहू देत दोघी. गार असलं तर मी त्यांना घेऊन जाणार, आणि तुम्ही वाईट वाटून घ्यायचं नाही.”

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग आला. हीटर पुन्हा लावायचा नाही हे मी मनाशी ठरवलं होतं. बिलाची भीती होतीच, पण त्याहून जास्त म्हणजे त्या लाल कांड्यांकडं मला बघवत नव्हतं. तेव्हा हीटर नाही, आणि लेक-नातवंड मात्र सव्वा महिना इथंच. माझा मान, माझा धंदा आणि सिंधूचं घर, सगळंच एका बारशाच्या दिवसावर येऊन टेकलं.

कन्नडहून माझी मोठी बहीण आली. तिला आम्ही सगळे आक्का म्हणतो. नात्यातल्या यच्चयावत बाळंतपणांचा मक्ता तिचाच. एसटीतून ती डिंक, ओवा, बाळंतशेपा आणि अर्धं पोतं कोळसा घेऊन उतरली. कंडक्टरशी कोळशावरून भांडून आली होती, त्यामुळं ताजीतवानी होती.

“दत्तू, बाळंतिणीला मागलीच खोली पायजे,” ती म्हणाली. “आंधारी, बंद. वारं लागाया नको. खाटंखाली शेगडी ठिवली की लेकरू बी गरम आन् माय बी गरम.”

मागची खोली उत्तरेकडची. त्या भिंतीला वर्षातून एकदाही ऊन माहीत नाही. डिसेंबरात तिला हात लावला की माठाला हात लावल्यासारखं वाटतं. पण मी बॉयलरवाला. म्हटलं, हिलाच बॉयलर करतो. खिडकीच्या फटीत चिंध्या ठासल्या, दाराला रबरी पट्टी मारली, झरोक्यावर थर्माकोल बसवला. तीन दिवस राबलो. मुंगीला आत यायला जागा ठेवली नाही. चौथ्या दिवशी सकाळी चाचणी घ्यायची म्हणून शेगडी पेटवली, दार ओढून घेतलं, आणि मी आणि आक्का आत बसलो. आठवडाभर आधीच माहेरी आलेली मुक्ता तेव्हा डॉक्टरीणबाईंकडं तपासणीला गेली होती.

खोली तापली. अशी तापली की आक्कानं पदरानं घाम टिपला. मी थर्मामीटर बघून मिशीवरून हात फिरवला. थोड्या वेळानं आक्का म्हणाली, “दत्तू, डोकं जड झालंय रं. गरगरायलंय.”

“ऊब लागली तुला. सवय नाही,” मी म्हणालो. मग उठायला गेलो तर माझेच पाय माझे राहिले नव्हते. कपाळात घण पडत होते. आणि त्या क्षणी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भिंत धरत दारापर्यंत गेलो, दार उघडलं, आक्काला दंडाला धरून बाहेर ओढलं. मागच्या पायरीवर आम्ही दोघं बहीणभाऊ तोंड उघडी टाकून बसलो, पाण्याबाहेर काढलेल्या माशांसारखे.

रोज कामावर गेल्या गेल्या पहिल्यांदा हवेची झडप तपासणारा मी. आगीला हवा लागते, बंद जागेत ती आपल्या वाट्याची हवा खाते आणि वर विष सोडते, हे मी नव्या पोरांना ओरडून ओरडून शिकवलं होतं. आणि आपल्या लेकीच्या खाटेखाली तीच आग ठेवायला निघालो होतो. आक्का एवढंच बोलली, “लेकरू आसतं तर?” त्याच दिवशी संध्याकाळच्या आत सगळा कोळसा कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला देऊन टाकला. या घरात बंद दाराआड आग पेटणार नाही, हा नियम तेव्हापासून आहे, आणि आक्कानंही त्याच्यावर कधी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी हॉलमध्ये सुतकी चेहऱ्यानं बसलो होतो. शोकेस आणि भिंत यांच्या मधल्या फटीतून उन्हाचा बोटभर रुंद पट्टा फरशीवर पडला होता. सहज पाय लांब केला आणि तळवा त्या पट्ट्यावर टेकला. गरम! बाजूची फरशी गार, आणि ही ताज्या भाकरीसारखी गरम. तळव्याला जे कळलं ते डोक्याला वीस वर्षं कळलं नव्हतं. मी चप्पल न घालताच शोकेसला खांदा लावला.

काचेचे ससे थरथरले. आक्का धावत आली. “आरं, दक्षिण हाय ती! यमाची दिशा! बाळंतिणीच्या डोळ्यांम्होरं उघडतूस व्हय?”

“आक्का, आपलं दार बी दक्षिणेलाच आहे. यम यायचाच तर दारानं येईल, खिडकीनं त्याचं काय अडतंय? आणि बाळंतीण मागं नाही, इथं हॉलमध्ये राहील.”

“हालात? बाळंतीण हालात? लोकं श्येण घालतील तोंडात!”

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बाहेरून आलो तर बाई खिडकीसमोर उन्हात बसलेली, लुगडं गुडघ्यावर सरकवून निवांत लसूण सोलत होती.

“काय आक्का, भेटला का यम?”

“गप ऱ्हा. गुडघे मोकळे व्हायलेत.”

तिथून मी घर पुन्हा शिकलो. ऊन ही आयती भट्टी, तिला सरपण लागत नाही. पण आलेली ऊब धरून ठेवायची तर भांड्यावर झाकण हवं. सकाळी नऊला खिडकीचा पडदा बाजूला. चार-साडेचारला ऊन उतरलं की खिडकीवर वाकळ टांगायची. वाकळा सिंधूच्या हातच्या, जुन्या लुगड्यांच्या. मुक्ता त्यातला एकेक तुकडा ओळखायची. ही आईची निळी, ही माझ्या शाळेच्या गणवेशाची. माझ्या कंपनीच्या खाकी पँटींचे पाय कापले, त्यात पिंजाऱ्याकडून पिंजून आणलेला जुन्या गादीचा कापूस भरला, दोन्ही तोंडं शिवली आणि दारांच्या फटींशी आडवे घातले. ज्या पायांनी मी कारखान्याची ऊब राखली तेच पाय शेवटी माझ्या घराच्या दाराशी पहाऱ्याला बसले. खिडकीजवळच्या सात फरश्या उघड्या ठेवल्या, त्यांनी दिवसभर ऊन प्यायचं. पलीकडं सगळीकडं पोती आणि वर सतरंज्या. आणि हॉलचा वरचा झरोका हातभर उघडा. चुकून शिकलेला धडा मी विसरणार नव्हतो.

पाण्याचं तंत्र आक्काच्या शेतातून आलं. तिच्याकडं ठिबकच्या काळ्या नळीची दोन कोरी वेटोळी पडून होती. ती मागवून गच्चीवर पसरली आणि टाकीला जोडली. दुपारी एकला तोटी उघडली की पहिल्या धारेला हात मागं घ्यावा लागायचा. गिझरचं बटण मी चिकटपट्टी लावून बंद केलं. अडचण एकच, हे पाणी मिळायचं भरदुपारी, आणि बाळंतिणीची अंघोळ तर पिढ्यान् पिढ्या सकाळची.

इथं मदतीला आली खैरूनबी. बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावणारी. या शहरातली अर्धी पोरं तिच्या तळहातावर न्हाली असतील. मी भीतभीत तिला दुपारची वेळ विचारली.

“हौ, दोपहर को च आती मैं,” ती हसून म्हणाली. “सुबह सुबह कायकू कुडकुडवायचं पोरीला? धूप में तेल ज्यादा मुरता, भाई. मेरी अम्मी भी धूप में च करती थी. ये सुबह का किसने निकाला, मेरेकू नै मालूम.”

आक्कानं तिच्याकडं शत्रूपक्षाला मिळाल्यासारखं पाहिलं. पण आठ दिवसांत दोघी त्या उन्हात बसून एकमेकींना जुनी बाळंतपणं सांगत होत्या, आणि त्यातली निम्मी तरी माझ्या मते वाढवून सांगितलेली होती.

बाळ आलं. मुलगी. जरा कमी वजनाची, माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत मावेल एवढी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाकी सगळं छान आहे, फक्त हिला ऊब जपा, धूर बिलकूल नको. मुक्ता माझ्याकडं बघून हसली. तिनं माझ्यावर तिच्या लेकीची भिस्त टाकली होती. कारखान्यातला बॉयलर दहा टनांचा होता. पण इतकी भीती मला त्याचीही कधी वाटली नव्हती.

मग मी तेच केलं जे मला येत होतं. भिंतीवर लॉगशीट लावली. बॉयलर हाऊसमध्ये दर तासाला आकडे लिहायचे असतात आणि पाळी संपली की पुढचा माणूस सगळं तपासून सही करतो. त्याची सही झाली की जबाबदारी त्याची. इथंही तसंच. आतलं तापमान, बाहेरचं तापमान, वाकळ लावली का, झरोका उघडा आहे का, आणि शेवटच्या रकान्यात बाळाचे तळपाय: गरम, कोमट, गार. आक्काला दुसरी पाळी दिली. ती सहीच्या जागी एक गोल काढायची आणि म्हणायची, “झालं तुझं सरकारी काम?” सव्वा महिन्यातली ती पानं मी अजून जपून ठेवली आहेत. शेवटच्या रकान्यात ‘गार’ एकदाही नाही. एकदाही!

बारशाचा दिवस उजाडला आणि मी पडदा बाजूला केला, तर आभाळ गच्च भरलेलं. डिसेंबरात! अकरा दिवस सूर्य घड्याळासारखा आला आणि बाराव्या दिवशी, ज्या दिवशी माझी परीक्षा, त्या दिवशी गैरहजर. फरशीवर हात ठेवला. गार. मुक्ता बाळाला छातीशी घट्ट धरून बसली. तिनं कपडे भरायला काढलेली पिशवी मला खाटेमागं दिसली. ती पिशवी बघून मला जो राग आला तो ढगांवर, विहीणबाईंवर आणि स्वतःवर, तिघांवर सारखा वाटून आला.

आक्का घुगऱ्यांचं पातेलं उतरवत होती. “किती बाया सांगितल्यात रं?” तिनं विचारलं.

“आपल्या रांगेतल्या पंधरा-सोळा.”

“समद्या कालनीला सांग. बाया बसल्या की घर तापतंय. लग्नघरात कधी थंडी वाजली व्हय तुला?”

माझ्या एवढ्या नोकरीत कुणी इतकं शहाणं बोललं नव्हतं. माणूस म्हणजे चालतीबोलती शेगडी, आणि हिला धूर नाही. मी चपला सरकवल्या आणि घरोघर गेलो. तोंडओळख नव्हती अशांनाही बोलावलं. ज्या घराशी पार्किंगवरून दोन वर्षं अबोला होता, तिथंही गेलो. बाई आधी दचकली, मग म्हणाली, “येते की. बारसं हाय, नाय कसं म्हणायचं?”

विहीणबाई आल्या त्या स्वेटर, शाल आणि मोजे अशा पूर्ण तयारीनं. आत हॉलमध्ये चाळीस बायका. पाळणा, हळदीकुंकू, सुंठवडा, गाणी, हसणं. पँटीचे पाय दाराशी, झरोका हातभर उघडा. मी स्वयंपाकघराच्या दारातून फक्त विहीणबाईंकडं बघत होतो. गाणी सुरू झाली आणि त्यांची शाल उतरली. नाव ठेवलं, जुई, आणि त्यांनी स्वेटरची बटणं काढली. घुगऱ्या वाटेपर्यंत स्वेटर मांडीवर आला. आणि मग त्यांनी कपाळ पुसत, मोठ्यानं, चाळीस साक्षीदारांसमोर म्हटलं, “अहो, जरा पंखा लावा ना कुणीतरी!”

डिसेंबरात पंखा! आक्कानं माझ्याकडं पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. मी आत जाऊन स्वयंपाकघरात एकटाच नाचलो. खोटं कशाला सांगू, दोन गिरक्या घेतल्या.

पण विहीणबाई कच्च्या गुरूच्या चेल्या नव्हेत. बायका पांगल्यावर त्या म्हणाल्या, “भाऊ, पाहुण्यांनी भरलेलं घर कुणाचंही तापतं. मी आज राहते. सकाळी बघू.” पिशवी खाटेमागं तशीच होती.

मी वाकळ टांगली, दारं बघितली, लॉगशीट भरली आणि झोपायला गेलो. झोप कसली लागते. पहाटेच उठलो आणि पावलं न वाजवता हॉलच्या दाराशी आलो. उजाडत होतं. विहीणबाई उठून बसल्या होत्या. अंगात स्वेटर नव्हता, पायात मोजे नव्हते. जुईच्या दुपट्यात हात घालून त्या तिचे तळपाय चाचपत होत्या. मग त्या उठल्या, चष्मा लावला आणि भिंतीवरच्या लॉगशीटसमोर उभ्या राहिल्या. मागची पानं उलटून अकरा दिवस वाचले. सगळे आकडे, आक्काचे गोल, सगळं.

त्यांनी दोऱ्याला बांधलेली पेन्सिल घेतली. तापमान लिहिलं. शेवटच्या रकान्यात ‘गरम’ लिहिलं. आणि खाली सही केली, पूर्ण नावाची, आडनावासकट.

“ढगाळ होतं म्हणून रात्र फार गार पडली नाही,” मी दारातून म्हणालो. धंद्यातला माणूस खोटी लॉगशीट चालवून घेत नाही. “ढगांचंही पांघरूण असतं.”

“मागच्या पानांवरच्या रात्री ढग नव्हते ना, तरी पाय गरमच,” त्या म्हणाल्या. मग मुक्ताकडं वळल्या. “ती पिशवी मोकळी कर गं. सव्वा महिना झाल्याशिवाय हलायचं नाही इथून. आणि भाऊ, मीसुद्धा अजून दोन दिवस राहते म्हणते.”

त्या दिवशी दुपारी ढग फाटले. ऊन आलं ते थेट सातव्या फरशीपर्यंत. आक्का, खैरूनबी, विहीणबाई, मुक्ता, मांडीवर जुई, पाच जणी त्या उन्हात ओळीनं बसल्या. मी खिशातून पेन्सिल काढली, गुडघे टेकले आणि उन्हाच्या कडेला रेघ मारली. त्या महिन्याचं बिल आलं ते हीटरच्या बिलाच्या निम्म्यालाही पोचत नव्हतं. ते मी शोकेसमध्ये, मुक्ताच्या ढालींच्या शेजारी, उभं करून ठेवलं. शोकेस आता मागच्या खोलीत उत्तरेच्या भिंतीला आहे. तिथं ते थंडी अडवतं. वीस वर्षांनी त्यालाही योग्य जागेवर बदली मिळाली.

कधी कधी वाटतं, हे सगळं दोन-तीन वर्षं आधी करता आलं असतं. सिंधू त्या सातव्या फरशीवर पाय पसरून बसली असती. कंपनीचा कोट काढून ठेवला असता. हे वाटणं मी झटकून टाकत नाही. फक्त दर हिवाळ्यात वाकळ टांगताना तिचा निळा तुकडा आतल्या बाजूला, उबेकडं येईल असा बघून टांगतो.

आज सकाळीच मुक्ता यायची होती. विहीणबाईही गाडीत असणार, त्या आता दर मार्गशीर्षात गुडघ्यांचं निमित्त करून येतातच. गाडी थांबली. जुई उतरली ती मला वळसा घालून थेट आत पळाली. या डिसेंबरात चार वर्षं पुरी होतील. मी दारातच मुक्ताला जवळ घेतलं, विहीणबाईंच्या हातातलं सामान घेतलं, पुण्याची हवा विचारली, रस्ता विचारला. बोलता बोलता बराच वेळ गेला असावा. सकाळचं गार वारं माझ्या पाठीवरून आत शिरत होतं आणि मला पत्ता नव्हता.

आतून आवाज आला. जुई पेन्सिलीच्या रेघेवर, कमरेवर हात ठेवून उभी होती. तिनं सिंधूला कधी पाहिलेलं नाही. मुक्तानं आपल्या आईचं काय काय हिला दिलंय, हे मला त्या क्षणी कळलं.

“आबा, दार लावा!” ती ओरडली. “घर तापवता का गल्ली?”

मी दार लावलं.